हरभऱ्याच्या धुऱ्यावरची तार

तमिळनाडूतल्या होसूरच्या बस स्टँडबाहेर परवा एक बाई ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बसली होती. मुळांना लाल माती, घाटे टपोरे, पानांवर ती बोटांना चिकटणारी आंबट खार. आमच्या गावचं कोणी असतं तर जुडी काखेत मारून, चालता चालता घाटे फोडत निघालं असतं. मी जुडी घेतली, पण आधी उलट्या हातानं शिवून पाहिली. हरभऱ्यात करंट नसतो हे मला माहीत आहे. माझ्या हाताला माहीत नाही.

उलटा हात ही बाबांची शिकवण. "सुलट्या हातानं धरशीन तं मूठ आवळते, मंग सुटत नाई. उलट्या हातानं शिवलं तं हात फेकल्या जाते. माणूस मरत नाई, नुसता शिव्या देते." होस्टेलचं लोखंडी दार, पलंगाची दांडी, न्हाणीतला नळ, सगळ्यांना माझा हात आधी पाठीमागून लागतो. खोलीतली झारखंडची मुलगी रोज विचारते, "दीदी, दरवाज़े को नमस्ते कर लिया?"

इथे मी सर्किट बोर्ड तपासायच्या कामाला आहे. दिवसभर हिरव्या पट्ट्या समोरून सरकत जातात. त्यांतल्या काहींवर लहान निळ्या डब्या असतात. पट्टीला वीज दिली की डबी 'टक' करते. टक झालं की ती पास. माझ्या शेजारच्या मुलींना तो आवाज ऐकू येईनासा झाला आहे, इतकी सवय झाली आहे त्यांना. मला प्रत्येक टक ऐकू येतो, आणि हरभऱ्याच्या दिवसांत तर पोटात ऐकू येतो.

आमचं वावर वर्धा नदीच्या अंगाला, कौंडण्यपूरच्या अलीकडे. वरच्या तुकड्यात वांगी, कोबी, झेंडू, आणि नदीकडच्या पट्ट्यात हरभरा. नदीकाठच्या बाभळीत डुकरं. रानडुक्कर पीक खातं असं शहरातल्या माणसाला वाटतं. ते थोडंच खातं. बाकीचं ते फाडतं. सकाळी वावरात गेलं की वाटावं, कुणी रागाच्या भरात घर उचकटून गेलं आहे. मुळं वर, घाटे चिखलात, पाण्याचे पाट फुटलेले, आणि मधोमध लोळल्याची एक चोपडी जागा, जणू येऊन मुद्दाम आपल्या तोंडासमोर लोळून गेलं.

बाबांनी त्याला तारेनं उत्तर दिलं. आमच्या भागात बरेच जण देतात, कबूल कुणी करत नाही. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गुडघ्याच्याही खाली एक उघडी तार फिरवायची आणि अंधार पडला की डोक्यावरच्या लाइनीवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडायचा. उजाडलं की आकडा काढायचा. काढायचं काम माझं. आई गेली त्या वर्षी नववी अर्ध्यात सोडून मी घरी बसले होते, म्हणजे वावरात उभी होते. कोरडा बांबू घेऊन मी जायची आणि आकडा खाली पाडायची. मग धुऱ्यानं फिरून काय काय मेलं ते पाहायची. एकदा एक डुकरीण तार दातात धरूनच मेली होती. जबडा इतका आवळलेला की बाबांनी तो कुऱ्हाडीनं उघडला. तिच्या मागे तिची पिल्लं, ओळीनं, एकाला एक लागून. त्यांच्या केसांचा जळका वास माझ्या ओढणीला कितीतरी धुण्यांनंतरही यायचा. बाबा खुशीत होते. म्हणाले, "पुरी बारात आली होती बापा."

बाबांचा हात लवकर उठायचा. माणूस वाईट नव्हता, नाही. झेंडूचा भाव पडला म्हणून एकदा अमरावतीच्या बाजारात त्यांनी अख्खं पोतं रस्त्यावर ओतलं आणि त्या फुलांवर पायांनी नाचले. अडत्या हसला तर त्याच्या अंगावर तराजू फेकला. घरी ताटं उडायची, कधी कधी त्यांच्या वाटेत माझी पाठ यायची. पण बाबांच्या रागाला आवाज होता. तो लांबून येताना कळायचा, माणूस बाजूला होऊ शकायचा. तारेला आवाज नव्हता. तिला रागही नव्हता. मला तिची जास्त भीती वाटायची ती यामुळेच.

मग एका हंगामात घाटे धरायच्या आधीच शेजारच्या गावात एक माणूस दुसऱ्याच्या धुऱ्यावरून पाणी द्यायला निघाला आणि तारेला चिकटून गेला. मी झेंडू घेऊन अमरावतीच्या एसटीत होते. त्या गावाच्या फाट्यावर गाडी थांबली, कारण ज्याच्या वावरात ती तार होती त्याला लोक रस्त्यात मारत होते. तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, हातात घेऊन. एक मोडली की दुसरी घेत होते, घाई नव्हती कुणालाच. मार खाणारा ओरडत नव्हता. तो एकेकाचं नाव घेऊन सांगत होता की मी सांगतलं होतं, मी सांगतलं होतं. कंडक्टरनं खिडक्या लावायला लावल्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सारेच सांगतात. आपल्या धुऱ्यावून शांताबाईच येते, तिले माहीत हाय."

शांताकाकू. आमच्या गावात नदीकडच्या वस्तीत घर, कौलांवर पंचशीलाचा झेंडा. आमच्याकडे निंदणाला, तोडणीला यायच्या आणि रोज उजाडताना बकऱ्यांसाठी आमच्या धुऱ्यावरचं गवत कापून न्यायच्या. बाबा त्यांच्या घरचं पाणी पीत नाहीत असं कधी कुणी म्हणालं नाही. प्यायलेले मीही पाहिले नाहीत. काकूंची मोठी मुलगी मंदाताई अकोल्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. माझी आई गेल्यावर माझी वेणी घालून दिली ती तिनंच. दिवाळीत ती गावी आली तेव्हा मी तिला म्हटलं, "ताई, एखाद्या दिवशी मी आकडा काढायच्या आधी काकू आल्या तर?"

ती म्हणाली, "चाल माह्यासंगं अकोल्याले."

अकोल्याचं जुनं शहर मला त्या थोड्या दिवसांत जेवढं दिसलं तेवढं आजही डोळ्यांपुढे आहे. मोर्णेचा तो काळा, सुस्त प्रवाह, पुलावरची ऑटोंची भांडणं, सरकीच्या पोत्यांचा तेलकट वास, आणि मंदाताईची खोली, जिच्या ओट्यावर एका बाजूला पोळ्या आणि दुसऱ्या बाजूला सोल्डरिंग. तिच्याकडे पंजाएवढा कॉम्प्युटर होता. शौकीन लोक असला घेतात. कुणी त्यावर रेडिओ करतं, कुणी कुंडीला आपोआप पाणी घालतं. त्याच्या एका काठाला पिनांच्या दोन रांगा असतात आणि त्यांवर आपण केलेली छोटी पट्टी टोपीसारखी बसते. कॉम्प्युटर हा नुसता विचार करणारा. त्याला हात पाहिजे असतील तर ते या टोपीतून द्यायचे.

आम्ही ठिपक्याठिपक्यांच्या भोकांची पट्टी घेतली. तिच्यावर एक निळी डबी म्हणजे रिले, तीन पायांचा ट्रान्झिस्टर, एक डायोड, स्क्रूनं तारा आवळायच्या दोन जागा, आणि ऊब ओळखणारे दोन डोळे जोडायला पिना. एवढंच. पण एवढं करताना माझी बोटं भाजली, डोळ्यांत राळेचा धूर गेला, आणि पहिला डायोड मी उलटा बसवला. तो तडकला. जळक्या डायोडचा आणि जळक्या डुकराचा वास सारखा नसतो. तरी मी न्हाणीत जाऊन ओकले. बाहेर आले तर मंदाताईनं दुसरा डायोड पुढं ठेवला होता. "त्याच्या अंगावर पट्टा हाय ना, थो इकडं. घाबरून राहिली तं घाबरत घाबरत कर, पण कर." असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. शाळेत भीती वाटली की खाली बस म्हणत.

निळी डबी बसवताना ती म्हणाली, "हे ध्यानात ठेव. या बाजूनं कॉम्प्युटर बोट लावते, मधात चुंबक हाय, त्या बाजूनं दार उघडते. दाराच्या पल्याड काय बांधलं, हे इकडच्याले माहीत नसते."

आम्ही पलीकडे दोन दिवे आणि भोंगा बांधणार होतो. डोळ्यांना ऊब दिसली की डबी टक करणार, दिव्यांना आणि भोंग्याला लाइट मिळणार, आणि कॉम्प्युटर दर वेळी वेगळा आवाज काढणार. एकाच आवाजाला डुकरं दोन दिवसांत सरावतात, म्हणून तर कॉम्प्युटर. कुत्र्यांचं भुंकणं घेतलं, ताटल्या बडवल्या, फटाके. मंदाताई म्हणाली, "आणखी एक भयंकर आवाज पायजे." मग माझ्याकडे पाहून हसली. अमरावतीच्या बाजारात बाबा अडत्याशी भांडत असताना मी मोबाइल चालू ठेवला, आणि आम्हाला पाहिजे तो आवाज मिळाला.

बाबांना आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"टोपी म्हणता याले? मले टोपी घालून राहिल्या काय दोघी?"

"एक महिना पाहा, भाऊ," मंदाताई म्हणाली. "तवरक तारेत करंट नाई सोडाचा."

"अन् हरभरा गेला तं?"

"गेला तं मले शिव्या द्या."

"थ्या तं आधीच भरून ठेवल्या म्हणता तुमी डब्यात."

पण त्यांनी आकडा काढला. तार धुऱ्यावर तशीच ठेवली, मेलेली. मोटारीच्या खोलीत आम्ही खोकं बसवलं, दोन डोळे धुऱ्याकडे लावले. त्या हंगामातली माझी झोप मला आठवते. अंधारात वावरातून बाबांचा आवाज यायचा, "अबे तुह्या मायले, ये खाली, कापतो तुले," आणि मी दचकून उठायची, तर बाबा शेजारच्या खोलीत घोरत असायचे. तीच शिवी घरात ऐकली की माझे खांदे वर जायचे, आणि वावरातून आली की मला पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायचं. आपल्याला मारणारा आवाज आपली राखण करू लागला की माणसानं काय करायचं असतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

हरभरा वाचला. घाटे भरले. आणि रोज उजाडताना एक तमाशा व्हायचा. मी खोकं बंद करायला जायच्या आधीच काकू विळा घेऊन धुऱ्यावर हजर. डोळ्यांना ऊब दिसायची, दिवे लागायचे, भोंगा बाबांच्या आवाजात त्यांची आई-बहीण काढायचा. काकू कंबरेवर हात ठेवून उत्तर द्यायच्या. "व्हय रे बुढ्या, उठला काय? तोंड धुतलं काय? घरी लेक हाय तुह्या, काही लाज?" मग मला हाक, "बंद कर व याले, मले कामं हायत." तार पायानं दाबून त्या अलीकडे यायच्या. ती मेलेली होती. त्यांना माहीत होतं.

मग एकलगा आला. कळपातून वेगळा पडलेला मोठा नर, त्याला एकलगा म्हणतात. त्याला आवाजाचं काही नव्हतं. दिवे लागले तरी तो उजेडात उभा राहून खायचा. एका संध्याकाळी, चांगलं दिसत असताना, बाबा त्याच्यावर दगड घेऊन गेले. तो पळाला नाही. मी वांग्यांच्या ओळीत होते. मला आधी बाबांचा आवाज आला आणि मग आला नाही. पळत गेले तेव्हा बाबा पाटात पडले होते, मांडी वरून खालपर्यंत उघडी, आत पांढरं दिसत होतं. पाण्यात रक्त वाहत वांग्यांकडे चाललं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात टाके घातले. तिथल्या खाटेवर ते छताकडे पाहत एकच गोष्ट बोलत राहिले, "मारतो त्याले. मारतो."

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते लंगडत वावरात गेले. मी चुलीपाशी होते. परतले तेव्हा चेहरा शांत होता. मला बरं वाटलं.

सकाळी धुकं होतं. आदल्या दिवशी पाणी सोडलेलं, धुरा ओला. मी मोटारीच्या खोलीत शिरले आणि खोक्यात टक झालं. मी दिव्यांची वाट पाहिली. दिवे लागले नाहीत. भोंगा बोलला नाही. पुन्हा टक. मग मला खिडकीतून बाहेर गेलेली काळी तार दिसली, जी काल नव्हती. बाबांनी दिव्याची आणि भोंग्याची जोडणी काढून त्या स्क्रूत धुऱ्याची तार आवळली होती. त्यांचा हिशेब साधा होता. पट्टीला डुक्कर ओळखू येतं, तर तीच करंट सोडू दे, नेमका, डुक्कर आलं की. आणि पट्टीला डुक्कर ओळखू येत नव्हतं. तिला ऊब ओळखू येत होती.

बाहेरून काकूंचा आवाज आला. "काहून व, आज बुढा बोलत नाई? बिमार हाय काय?" आवाज जवळ येत होता.

बटण बंद करायचं मला सुचलं नाही. ओरडायचंही नाही. कोपऱ्यात टिकास होतं, माती खणायचं. ते उचललं आणि खोक्यावर घातलं. पहिल्या घावात डबा चेपला, ठिणग्या आल्या. दुसऱ्या घावात पट्टी फुटली. तिसरा, चौथा, मला थांबता येईना. मी मारत होते आणि माझ्या तोंडून बाबांच्या शिव्या येत होत्या, त्याच, त्याच क्रमानं. थांबले तेव्हा दारात काकू होत्या. हातात विळा, पावलं चिखलानं भरलेली. तार ओलांडून आल्या होत्या.

"काय फोडून राहिली व?"

मी काळ्या तारेकडे बोट केलं. काकूंनी ती तार डोळ्यांनी खोक्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून धुऱ्यापर्यंत नेली. मग आपल्या पायांकडे पाहिलं.

तेवढ्यात बाबा आले. त्यांना फक्त फुटलेलं खोकं दिसलं. हातातली काठी माझ्या पाठीवर पडली, मग खांद्यावर. तिसरी उठली तेव्हा काकू मधे होत्या.

"डुकरासाठी लावलं होतं थे," बाबा म्हणाले. "डुकरासाठी."

"अन् मी?"

बाबांनी काठी खाली केली.

"डुकराले न् मले एकच डोळा लावला, भाऊ."

त्यांनी गवताचा ओला भारा उचलला आणि दोन्ही हातांनी बाबांच्या तोंडावर हाणला. बाबा पडले. टाके सुटले, धोतर लाल झालं. काकू त्यांच्याकडे न बघता गेल्या, आणि जाताना तारेच्या खूप बाजूनं, नांगरटीतून गेल्या. बाबांची मांडी मी बांधली. बांधताना ते माझ्या हाताकडे पाहत होते, चेहऱ्याकडे नाही.

निरोप मिळताच दुपारी मंदाताई अकोल्याहून आली. कॉम्प्युटर तिचा होता, मला वाटलं त्याचं काहीतरी म्हणेल. तिनं तुकडे ओंजळीत घेतले आणि विचारलं, "आई कुठी उभी होती?" मी दाखवलं. ती त्या जागी जाऊन उभी राहिली, बराच वेळ. मग घरात येऊन बाबांना म्हणाली, "हिले मी घेऊन जातो." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. तो होकारच होता.

होसूरचं हे काम तिच्याच ओळखीनं मिळालं. नववी अर्ध्यात सोडलेल्या मुलीला कोण विचारतं. ती म्हणाली, हिला डायोड सुलटा बसवता येतो, आणि उलटा बसवला तर काय होतं तेही माहीत आहे. तेवढ्यावर घेतलं. माझ्या पोटातला प्रत्येक घास तिचा आहे, असं मी तिला एकदा फोनवर म्हटलं. "मंग नीट चावून खा," म्हणाली.

काकू पोलिसांकडे गेल्या नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती नाही. बाबांनी त्या दिवसानंतर काय केलं, तार काढली की नुसती बंद ठेवली, की पुढच्या घाट्यांना पुन्हा आकडा टाकला, हेही मी कधी विचारलं नाही. दर वर्षी हे दिवस आले की फोन लावते, भाव विचारते, पाऊसपाणी विचारते, आणि ठेवून देते. मग महिनाभर शेजारच्या गावातला तो मार खाणारा माणूस माझ्या झोपेत येतो, आणि त्याचा चेहरा बाबांचा असतो.

परवा ती जुडी घेऊन खोलीवर आले, घाटे फोडले नाहीत, आणि फोन लावला.

"काय म्हणते वावर?"

"काय म्हणते. अर्धा हरभरा डुकराईनं लोळवला." मागे बादली लाथाडल्याचा आवाज आला. "अर्धा. समजलं? अर्धा. काल आले, आज आले, उद्या येतीन."

त्यांचा श्वास फुललेला होता.

"तुले जे इचाराचं असते थे दर साली तुह्या पोटात राह्यते," ते म्हणाले. "थांब."

मग ते चालू लागले. लंगडं पाऊल, सरळ पाऊल, कोरड्या पानांतून, मग चिखलातून. लांबून हाक मारली, "शांताबाई, पोट्टी हाय फोनवर." कुणीतरी काहीतरी विचारलं, फोन हातातून हातात गेला, वाऱ्याची घरघर झाली.

"बोल व लवकर," काकू म्हणाल्या. "धुऱ्यावर हावो मी. तुह्या बाबानं पाणी सोडलं, घोट्याइतका गारा-चिखल झाला. एका हातात चपला हायत, डोक्शावर भारा हाय. फोन कुठी धरू?"

"बोलू नका काकू," मी म्हटलं. "तुमी चाला. मी आयकते."